धाकट्याची जागा

१

माझं दुकान कुलपं, कड्या, बिजागऱ्या, खिळे आणि स्क्रू यांचं. शाळेशी माझं लवकर फाटलं, त्यामुळे जे काही कळतं ते गिऱ्हाइकांनी शिकवलेलं. त्यातला एक धडा असा, की नवा माल ठेवायचा का नाही हे ठरवताना विकणाऱ्याचं ऐकू नये आणि घेणाऱ्याचंही ऐकू नये. फळीवर जागा करावी, पुसून घ्यावी आणि काही दिवस तशीच मोकळी ठेवावी. मोकळी जागा गप्प बसत नाही. लोक येतात, तिच्याकडे बघतात, विचारतात, शेठ, इथे काय येणार? कुणी विचारलंच नाही तर समजावं, की त्या मालाची गरज आपल्याला नव्हती, विकणाऱ्याला होती. जागा आधी, माल मागून. या एका वाक्यावर मी संसार केला आहे.

एकदा एक फिरता विक्रेता काचेच्या मुठी घेऊन माझ्या मागे लागला. दाराला लावायच्या, रंगीत, आत फूल असलेल्या. मी नेहमीप्रमाणे फळी मोकळी केली. मुठींबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण एका भिजलेल्या बाईंनी आपली छत्री त्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी कुणी ठेवली. पुढे पावसाळा संपला तरी ती छत्र्यांचीच फळी राहिली. मी तिथे कुलपं मांडली, तर लोक कुलपं बाजूला सारून छत्र्या ठेवायचे. शेवटी मीच हरलो. ही गोष्ट मी खूप जणांना हसून सांगितली आहे. हिच्यात हसण्यासारखं किती आणि दुसरं काय किती, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

२

दुकान पुढे, घर मागे. मधे कमरेएवढं झुलतं दार आहे, दोन्हीकडे उघडणारं, खालून आणि वरून मोकळं. बिजागरी माझ्याच दुकानातली, स्प्रिंगची. ते दार कोण ढकलतंय हे मी पाठमोरा बसूनही सांगू शकतो. लेक ढकलते तेव्हा ते भिंतीवर आपटतं. बायको ढकलते तेव्हा हात लावून परत हळू सोडते. आणि आमचा मुनीम दाराला हातच लावायचा नाही, खालून निघून यायचा.

मुनीम म्हणजे आमचा कुत्रा. काळापांढरा, एक कान उभा, एक पडलेला. बिजागऱ्यांच्या खोक्यात पेंढ्याबरोबर आला होता, डोळे जेमतेम उघडलेले. मालात आला, बिलात नव्हता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हुंगून मगच आत सोडायचा, म्हणून मुनीम. शेजारचा काचवाला, माझा जुना मित्र, रोज येऊन बसतो. तो म्हणायचा, तुझ्या दुकानात शिकलेला माणूस एवढा एकच.

बायकोला ऐकू येत नाही. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी एका तापात एक कान गेला, मग हळूहळू दुसराही. ओठ वाचते, बोलते अगदी नीट, फक्त जरा मोठ्यानं. मी घरात शिरताना उंबऱ्यावर टाच आपटतो, दोनदा. घराची जमीन लाकडी आहे. तिच्या तळपायाला कळतं, की मी आलो. मग ती मागे न बघताच कप खाली घेते. ही आमची रीत.

बाकी सगळं मुनीम सांगायचा. त्याला कुणी शिकवलं नाही. घंटी वाजली, दूध उतू चाललं, लेकीनं माडीवरून हाक मारली, की हा जाऊन बायकोच्या डाव्या गुडघ्याला ढुशी द्यायचा आणि पुढे चालू लागायचा. ती त्याच्या मागून जायची. कुठे, कशाला, हे विचारायचं नाही. माझ्यावर तिनं इतका विश्वास कधी टाकला नाही, आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

पण मुनीम म्हातारा झाला. त्याचा मागचा एक पाय ओढू लागला. लाकडावर त्याचं चालणं ऐकू यायचं: टक, टक, टक, सर्र.

३

दुसरा कुत्रा आणायचा विषय लेकीनं काढला. ती इस्पितळात परिचारिका आहे, दिवसभर बाहेर असते. तिचं म्हणणं सरळ होतं. मुनीम गेला आणि मी खरेदीला बाहेरगावी असलो, तर आईला कोण सांगणार, की घर पेटलंय? जनावरांच्या डॉक्टरनंही तेच सांगितलं, की आणायचा असेल तर आत्ता आणा. म्हातारा हिंडताफिरता आहे तोवर पिल्लू त्याचं बघून शिकेल. नंतर कुणी शिकवणार नाही.

बायको नको म्हणत होती. मुनीमसमोर दुसरा आणायचा म्हणजे त्याला सांगायचं, की तुझी सद्दी संपली. लेक म्हणाली, आई, तो कुत्रा आहे. बायको म्हणाली, म्हणूनच. माणूस असता तर समजूत घातली असती. जेवणाच्या टेबलावर हे रोज चालायचं आणि मुनीम टेबलाखाली दोघींच्या पायांच्या मधोमध पडून असायचा. न्यायाधीशासारखा, असं लेक म्हणायची. आरोपीसारखा, असं मी म्हणालो.

दोन्ही बाजूंनी माझ्याकडे बघितलं की मी व्यापारी होतो. म्हटलं, भांडायचं कशाला? जागा करून बघू.

स्वयंपाकघराच्या तोंडाशी, जिन्याखाली, मुनीमची गादी होती. तिच्या शेजारी मी दुसरी गादी टाकली. दुसरा वाडगा ठेवला. खिळा ठोकून दुसरा पट्टा टांगला. आणि सांगून टाकलं, की थोडे दिवस असंच राहू दे. मुनीम काय करतो बघू, आपल्याला काय वाटतं बघू. नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं, की माल आपला झाला.

काचवाल्याला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, लोक कुत्रा आणतात, मग गादी आणतात. तू उद्या नातवासाठी पाळणा टांगशील आणि मग लेकीला स्थळ बघशील.

४

पहिल्या दिवशी मुनीमनं गादी हुंगली, वाडगा हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या जागी जाऊन झोपला. मला वाटलं, माल पसंत.

वाडगा कोरडा बरा दिसत नाही म्हणून बायकोनं त्यात पाणी घातलं. संध्याकाळी ते कमी झालेलं असायचं. उन्हाळा होता; मुनीमच पीत असणार. मग तो आपल्या जेवणातलं थोडं मागे ठेवू लागला. म्हातारपणात भूक मरते. मग जिन्याकडे जाताना तो त्या दुसऱ्या गादीला वळसा घालू लागला. आधी सरळ तिच्यावरून जायचा. आता भिंतीला अंग घासत, पाय ओढत, लांबून. लेकीला त्यात आनंद वाटला. बघा बाबा, म्हणाली, त्यानं मनात जागा करूनसुद्धा दिली.

त्या आठवड्यात कधीतरी बायकोच्या तोंडून ‘धाकटा’ हा शब्द पहिल्यांदा आला. धाकट्याची गादी जरा उन्हात टाका, असं काहीतरी. मी म्हटलं, नाव ठेवायचं नाही ठरलं होतं. ती म्हणाली, हे कुठे नाव आहे? हे तर नातं आहे.

मी गादी उन्हात टाकायला उचलली. मधोमध खळगा पडला होता. नवी गादी, कापूस बसायचाच. मी ती झटकून, थोपटून सारखी केली. दुपारी परत आणून टाकली आणि दुकानात येऊन बसलो. मुनीम माझ्यामागून आला, खुर्चीखाली शिरला आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून पडला. हे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. ही वेळ त्याची घरात असायची, बायकोजवळ.

आणि मग आत, लाकडी जमिनीवर, मी ऐकलं. टक, टक, टक, सर्र.

५

मी आवाजावर जगणारा माणूस आहे. कुलपात किल्ली फिरवून आतली कोणती पट्टी झिजली आहे ते सांगतो. त्यामुळे पहिल्यांदा मी स्वतःचीच उलटतपासणी केली. नळ असेल. जिन्याची फळी उन्हानं तडतडत असेल. बायको खुर्ची ओढत असेल. प्रत्येक कारण बरोबर होतं आणि त्यातलं एकही चाललं नाही, कारण माझ्या पायावर मुनीमची हनुवटी होती आणि तोही ऐकत होता. त्याचा उभा कान आतल्या बाजूला वळला होता. पण तो गुरगुरला नाही. कुणीतरी आपलं काम करत असताना आपण बघत बसावं, तसा तो पडून होता.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, बाहेरची घंटी वाजली. थोड्या वेळानं झुलतं दार हळू उघडलं आणि बायको पिठाचे हात पुसत आली. कोण आलंय, असं तिनं खुणेनं विचारलं.

गिऱ्हाईक गेल्यावर मी तिला विचारलं, की घंटी वाजली हे तुला कसं कळलं?

“मुनीमनं ढुशी दिली की.”

मी खुर्चीखाली बोट दाखवलं. तिनं वाकून बघितलं. मुनीमनं शेपूट एकदा जमिनीवर आपटली. मग बायकोनं आपल्या उजव्या गुडघ्याला हात लावला, कापड चाचपलं. मुनीम कायम डावीकडून यायचा.

“भास झाला असेल,” ती म्हणाली. आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाली, “पण ओलं आहे हो.”

काचवाल्याला मी हे सगळं नाही सांगितलं. फक्त विचारलं, की मुनीमसारखा आवाज आत येतो, काय असावं? तो स्वतःच्या नादात होता. त्यानं आपल्या उस्तादाची गोष्ट सांगितली. उस्तादाला काच कापण्याआधी खोकायची खोड होती. काचवाला त्याच्याकडे उमेदवारीला होता, तो काच कापायला शिकला तो खोकल्यासकट. उस्ताद जाऊन जमाना झाला, अजून हा हिऱ्याची लेखणी उचलली की खोकतो. छाती ठणठणीत. शिकाऊ माणसाला कळत नाही रे, तो म्हणाला, की उस्तादाचं कसब कुठलं आणि दुखणं कुठलं. तो सगळंच उचलतो.

मी हसलो. चहा तसाच ठेवला.

६

मग मी ठरवलं, की पुरे झालं. जागेत माल भरायचा. खरा कुत्रा आणला की हे खेळ थांबतील. डॉक्टरला निरोप धाडला, की पिल्लू आण, पण जांगडावर. म्हणजे आमच्या धंद्यात पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर परत, कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही.

डॉक्टर सकाळी पिल्लू घेऊन आला. तपकिरी, मोठ्या पंजांचं, खेळकर. दुकानात त्यानं धुडगूस घातला. मुनीमच्या कानाला लोंबकळलं, मुनीमनं सहन केलं. बायकोला हसू फुटलं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. डॉक्टर म्हणाला, शेठ, यांचं जमलं.

मग आम्ही त्याला आत नेलं.

जिन्यापाशी आल्यावर पिल्लू थांबलं. आमच्यापैकी कुणाकडे बघेना. ते खाली बसलं, मग आडवं झालं, मग पाठीवर उलटलं आणि पोट वर करून, मान एका बाजूला टाकून, निपचित पडून राहिलं. त्याच्याखाली जमीन ओली झाली. दुसऱ्या गादीवर काही नव्हतं. मधला खळगा फक्त होता.

डॉक्टर आधी हसला. म्हणाला, लहान पिल्लं मोठ्या कुत्र्यापुढे असंच करतात, शरण येतात. मग त्यानं मुनीम कुठे आहे ते बघितलं. मुनीम आमच्यामागे, झुलत्या दाराच्या पलीकडे, दुकानातच थांबला होता.

“घरात आणखी एक आहे का?” डॉक्टरनं विचारलं.

मी नाही म्हणालो. बायको आमचे ओठ बघत होती.

डॉक्टरनं पिल्लू उचललं आणि कोटात घेतलं. दुकानाच्या पायरीवर आल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. बोलला अगदी धंद्याच्या माणसासारखं, आवाज न चढवता, की शेठ, जागा मोकळी झाली की कळवा, तोवर हे माझ्याकडे राहू दे.

७

त्याच दुपारी मी ती जागा मोडली. गादी, वाडगा, पट्टा, सगळं पोत्यात घालून मागच्या खोपटात टाकलं आणि दुकानातलं सगळ्यात चांगलं कुलूप खोपटाला घातलं. ज्या खिळ्याला पट्टा होता तोही उपटला. जिन्याखाली आता पुन्हा एकच गादी राहिली, मुनीमची.

संध्याकाळी मुनीम आत आला. आपल्या गादीपासून हातभर अंतरावर थांबला. बघितलं. मग मागे फिरला, पाय ओढत दुकानात आला आणि माझ्या खुर्चीखाली पडला. त्या दिवसापासून तो आत गेला नाही. मी त्याचा वाडगा बाहेर आणून ठेवला, तर खायचा थोडंसं. आत वाडगा होता तेव्हा त्यात तोंड घालत नव्हता. दुसऱ्याची जागा काढली, तर त्यानं पहिल्याची घेतली. माझ्यासारख्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं. फळीवर एकदा छत्र्या चढल्या, की फळी बदलून उपयोग नसतो.

मी सगळं परत मांडलं. खोपटाचं कुलूप काढून गादी, वाडगा, पट्टा, होतं तसं. मुनीमला आत जाता यावं म्हणून. तो गेला नाही.

बायकोला मात्र कळतच नसावं असं मला वाटायचं, की मुनीम दिवसभर बाहेर माझ्याजवळ आहे. तिच्या कामात खंड पडला नव्हता. घंटी वाजली की ती यायची. दूध एकदाही उतू गेलं नाही. एकदा मला म्हणाली, मुनीमला बरं वाटतंय, हल्ली जोरात ढुशी देतो, तरण्यासारखा. ती हे बोलत होती तेव्हा तिचा उजवा हात खाली सुटला होता आणि बोटं हळूहळू हलत होती, आपण कशाला तरी खाजवतो तशी.

मी बघितलं ते दुसऱ्या दिवशी. भर सकाळी, ऊन दुकानातून थेट आत पडत होतं. एक स्क्रू हातून पडला, मी तो शोधायला वाकलो. वाकल्यावर झुलत्या दाराच्या खालून आतलं दिसतं. बायको ओट्याशी उभी होती, तिच्या सपाता दिसल्या. तिच्या शेजारी, उजव्या बाजूला, पाय होते. काळेपांढरे. मुनीमसारखेच म्हणायला हरकत नव्हती. मागचा एक पाय तिरका धरलेला, दुखरा. पण नखं सगळी माझ्याकडे होती आणि गुडघे... मी आयुष्यभर बिजागऱ्या विकल्या आहेत. सांधा कोणत्या बाजूला वळतो हे मला कळतं. बसवणाऱ्याला माप माहीत होतं, दार कुठल्या बाजूला उघडतं हे माहीत नव्हतं.

ते किती पाय होते? मी मोजले नाहीत. मोजमाप करून पोट भरणारा माणूस मी, पण मोजले नाहीत.

माझ्या खुर्चीखाली मुनीम झोपला होता.

८

मुनीम पुढच्या आठवड्यात गेला. दुकानातच, दुपारी, माझ्या पायावर हनुवटी ठेवून. लेकीला रडू आवरेना. म्हणत राहिली, की आपण उशीर केला, दुसरा वेळेवर आणला असता तर. बायको रडली, पण आपलं माणूस गेल्यावर रडावं तशी नाही. ओळखीचं कुणी गेल्यावर रडतात तशी.

मी त्या संध्याकाळी तिच्यासमोर बसलो, दिव्याच्या उजेडात, म्हणजे माझे ओठ तिला नीट दिसावेत. म्हटलं, आपण हे घर थोडे दिवस बंद करू, लेकीच्या इस्पितळाजवळ खोली घेऊ.

“कशासाठी?”

मी म्हटलं, तुला माहीत आहे कशासाठी.

तिनं टेबलावर पडलेलं चुरगळलेलं कापड घडी घालून ठेवलं. “अहो, मला ऐकू येत नाही, म्हणजे कळत नाही असं नाही,” ती म्हणाली. “तो मुनीम नव्हता हे मला पिल्लू आलं त्या दिवसापासून माहीत आहे. मुनीम म्हणायचे ते तुमच्यासाठी. पण तुम्ही दुकानात. पोर कामावर. मला दाराशी कुणीतरी न्यायला नको?”

मी विचारलं, आणि त्यानं तुला दुसरीकडे कुठे नेलं तर?

“अजून तरी नाही नेलं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “शिकतोय हो तो. चुकतो कधीकधी. पण शिकतोय.”

मी तिचा हात धरला. तो थंड नव्हता, घाबरलेला नव्हता. घाबरलेला माझा होता.

९

लेकीला मी काय सांगणार? ती विचारते, बाबा, मग दुसरं पिल्लू आणायचं का आता? जिन्याखालच्या गाद्या तशाच आहेत. मी म्हणतो, बघू.

काही दिवस जिन्याखालून काही आवाज आला नाही. पाणी कमी झालं नाही. गादीतला खळगा भरून आला. मला वाटलं, ज्याच्याकडून शिकायचं तो गेला, तसा हाही गेला. खरेदीचा हंगाम आला होता. मी बॅग काढून झटकली, कारखानदाराला येतो म्हणून कळवलं.

मग एका सकाळी मी गल्ल्यामागे खुर्चीत बसलो होतो, काचवाला समोर पेपर वाचत होता, आणि आत उंबऱ्यावर टाच आपटल्याचा आवाज झाला. दोनदा.

काचवाल्यानं पेपरातून डोकं वर काढलं. माझ्याकडे बघितलं. आतल्या बाजूला बघितलं. मग पेपराची घडी घातली, दुकान उघडं टाकून आलोय म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो आमच्याकडे बसायला येत नाही. रस्त्यात भेटला की हात करतो.

मी झुलत्या दारावरून आत बघितलं. बायकोनं मागे न बघताच कप खाली घेतला. चहा ओतला. टेबलावर माझ्या खुर्चीसमोर ठेवला. मग वळली आणि हसली. तिची नजर खाली, गुडघ्यापाशी नव्हती. माझ्या उंचीला होती.

मी बॅग परत माळ्यावर टाकली. लेक म्हणते, बाबा, गेलात तर दोन दिवसांत याल, आईजवळ मी आहे ना. फळ्या ओस पडत चालल्या आहेत, गिऱ्हाईक विचारून जातं. मी कुठे जात नाही. माणूस उठला की जागा मोकळी होते, आणि मोकळ्या जागेचं काय होतं हे मला आता कुणी सांगायला नको.

उंबऱ्यावर टाच आपटणंही मी सोडून दिलंय. म्हटलं, माझ्याकडून आणखी शिकायला नको. तेव्हा काल मी न आपटता, तसाच, पायात आवाज न करता आत गेलो. बायको ओट्याशी होती. वळली आणि मला बघून दचकली. टेबलावर कप होता, अर्धा प्यालेला. तिनं कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तुम्ही परत बाहेर कधी गेलात?” ती म्हणाली.

खुर्ची बाहेर ओढलेली होती. मी जाऊन तिच्यात बसलो, मोकळी दिसू नये म्हणून, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि ती पुन्हा ओट्याकडे वळली.

आणि पुढे दुकानात, गल्ल्यामागे, माझी दुसरी खुर्ची कुणीतरी बसल्यावर कुरकुरते तशी कुरकुरली.